क्वीन्समधल्या छोट्या उपाहारगृहाने रस्त्यावर टेबलं मांडावीत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एक मराठी जोडपं बावीस खुर्च्यांचं खाण्याचं ठिकाण चालवतं. कोरोनाच्या काळात दुकानासमोरच्या पार्किंगच्या जागेत त्यांनी लाकडी शेड उभारली आणि धंदा तिच्यावरच तगला. नव्या कायद्यानंतर 2024 च्या नोव्हेंबरात ती मोडावी लागली. ताई विचारतात, ‘आता फूटपाथसाठी अर्ज करावा, रस्त्यासाठी करावा, की दोन्हीचा नाद सोडावा? आणि इतकं चांगलं चाललेलं शहराने मोडलं तरी का?’

ताई, मी आर्किटेक्ट आहे. 2020 च्या उन्हाळ्यापासून मी अशा बैठकांचे, म्हणजे बाहेर बसून खाण्याच्या जागांचे, नकाशे काढते, अर्ज भरते आणि तपासनीस आले की मालकांच्या शेजारी उभी राहते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर कळल्याशिवाय पहिल्याचा निर्णय नीट घेता येणार नाही.

महामारीच्या आधी न्यूयॉर्कमध्ये फूटपाथवर टेबल मांडणं ही मॅनहॅटनची चैन होती. अख्ख्या शहरात अशी साधारण 1,200 ते 1,400 ठिकाणं होती आणि त्यांतली बहुतेक मॅनहॅटनमध्ये. बाकीच्या शहरात झोनिंगचे, म्हणजे कुठल्या भागात काय चालेल ते ठरवणारे, नियमच आडवे यायचे. कित्येक रस्त्यांवर अर्ज करण्याचीसुद्धा सोय नव्हती आणि जिथे होती तिथे महिनोन् महिने आणि हजारो डॉलर जायचे. क्वीन्सच्या जॅक्सन हाइट्समधल्या पोळी-भाजी विकणाऱ्या माणसाने ते स्वप्न कधी पाहिलंच नव्हतं.

मार्च 2020 मध्ये आत बसून खाणं बंद झालं. 22 जून 2020 पासून शहराने ‘ओपन रेस्टॉरंट्स’ सुरू केलं. त्यातली खरी क्रांती लाकडाच्या शेडमध्ये नव्हती, अर्जात होती. वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर एक फॉर्म. हायड्रंटपासून (आग विझवायच्या नळापासून) अंतर ठेवाल का, चौकापासून लांब राहाल का, चालायला वाट सोडाल का? मालकाने ‘हो, माझी जबाबदारी’ असं लिहून द्यायचं आणि त्याच दिवशी टेबलं बाहेर काढायची. शुल्क शून्य. नकाशा मंजूर करून घ्यायचा नाही, सुनावणी नाही. त्या एका फॉर्मवर 12,000 हून जास्त ठिकाणं बाहेर आली. ब्रॉन्क्समध्ये, स्टेटन आयलंडवर, आपल्या क्वीन्समध्ये, जिथे आधी एक खुर्चीही बाहेर दिसत नसे तिथे लोक रस्त्याच्या कडेला जेवू लागले. यामुळे एक लाख नोकऱ्या वाचल्या असा शहराचा दावा होता. आकड्यावर वाद होऊ शकेल, पण माझ्या ओळखीतली कितीतरी स्वयंपाकघरं त्या हिवाळ्यात केवळ बाहेरच्या चार टेबलांवर चालू राहिली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. डिसेंबर 2020 च्या मध्यापासून फेब्रुवारी 2021 पर्यंत आत बसणं पुन्हा बंद होतं, ते दिवस आठवा.

आता दुसरी बाजू. शेडविरुद्ध बोलणारे सगळे पार्किंगसाठी हळहळणारे लोक होते, असं आमच्या व्यवसायात सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. ग्रीनिच व्हिलेज किंवा लोअर ईस्ट साइडच्या अरुंद गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाच्या खिडकीखाली रात्री दीड वाजेपर्यंत गोंगाट चालत असेल तर तो ओरडणारच. आणि उंदीर खरे होते. मी स्वतः 2020 मध्ये आखलेल्या एका शेडची तळफळी पक्की ठोकलेली होती. फळीखाली कडेने वाहणारं पावसाचं पाणी अडायचं, त्यात भाताची शितं आणि तेल साचायचं आणि ते साफ करायला हात घालण्याइतकीही फट मी ठेवली नव्हती. सहा महिन्यांनी ती फळी उचलली तेव्हा खालून जे निघालं ते पाहून मी त्या शेजाऱ्यांची मनापासून माफी मागितली. त्यानंतर उचलता येत नाही अशी तळफळी मी एकदाही आखली नाही.

त्याहून वाईट होत्या त्या बेवारस शेड. उपाहारगृह बंद पडलं, मालक निघून गेला आणि शेड तिथेच राहिली, कुणाच्या गोदामासारखी नाहीतर कचराकुंडीसारखी. ऑगस्ट 2022 मध्ये महापौर एरिक अ‍ॅडम्स यांनी हातात घण घेऊन अशी एक शेड तोडली, ते छायाचित्र सगळीकडे झळकलं. पण दोन वर्षं ती शेड तिथे राहिलीच कशी? कारण फॉर्म भरून घेणारं शहर तो फॉर्म परत घेण्याची सोय करायला विसरलं होतं. परवाना देताना कुणी विचारलं नाही हे योग्यच झालं. देऊन झाल्यावरही कुणी विचारलं नाही, ही चूक. ज्याने चार वेळा वाट अडवली त्याची जागा आठवड्याभरात काढून घेता आली असती, तर माझ्या मते बाकीच्या बारा हजारांवर ही वेळ आली नसती.

शहराने धडा नेमका उलटा घेतला. परवाना मिळवणं अवघड केलं. सप्टेंबर 2020 मध्ये महापौर डी ब्लाझिओ यांनी हे कायमचं करू म्हणून जाहीर केलं होतं. फेब्रुवारी 2022 मध्ये नगर परिषदेने झोनिंगमधली भौगोलिक बंधनं काढली. हा बदल फार मोलाचा आहे, त्याच्यामुळेच तुम्ही आज क्वीन्समधून अर्ज करू शकता. मधे रहिवाशांनी कोर्टकचेरी केली. मग ऑगस्ट 2023 मध्ये नगर परिषदेने स्थानिक कायदा क्रमांक 121 मंजूर केला आणि महापौरांनी त्यावर सही केली. आज ज्याला ‘डायनिंग आउट एनवायसी’ म्हणतात तो कार्यक्रम या कायद्यातून आला.

या कायद्याने दोन गोष्टी केल्या. फूटपाथवरची बैठक वर्षभर ठेवता येते. रस्त्यावरची, म्हणजे पार्किंगच्या पट्ट्यातली, फक्त 1 एप्रिल ते 29 नोव्हेंबर. उरलेले चार महिने रस्ता मोकळा करून द्यायचा. शिवाय बैठक उघडी हवी, चारी बाजूंनी बंद खोली नको. ही उघड्या बैठकीची अट मला मान्य आहे. दिवाळखोर मालकांनी मागे सोडलेल्या लाकडी खोल्यांपेक्षा हलकी छत्री आणि कठडा केव्हाही बरा.

चार महिन्यांच्या अटीबद्दल मात्र माझं मत ठाम आहे: छोट्या उपाहारगृहांचं सगळ्यात मोठं नुकसान तिनेच केलं. वर्षाला दोनदा उभारणी-मोडणी म्हणजे सुतार, ट्रक, मजूर. आणि मोडलेलं ठेवायचं कुठे? मोठ्या साखळी उपाहारगृहाकडे न्यू जर्सीत गोदाम असतं. तुमच्या तळघरात तांदळाची पोती, फ्रीझर आणि गणपतीचं मखर आहे. आठ फूट रुंद आणि वीस फूट लांब चौकटीचे तुकडे तिथे जाणार नाहीत, हे मला न बघता सांगता येतं. माझ्या अशिलांपैकी ज्यांनी रस्त्याचा नाद सोडला, त्यांतल्या बहुतेकांनी शुल्काचं कारण दिलंच नाही. ‘ठेवू कुठे?’ एवढंच ते म्हणाले.

कुणी म्हणेल, पॅरिसमध्येही हंगामच आहे. खरं आहे. तिथे रस्त्यावरच्या उन्हाळी बैठकीला 1 एप्रिल ते 31 ऑक्टोबर परवानगी असते, रात्री दहाला आवरावं लागतं, आणि छप्पर, तंबू चालत नाहीत. फरक वजनाचा आहे. पॅरिसची बैठक म्हणजे साधी लाकडी फळी, कुंड्या आणि टेबलं, दोन माणसांनी सकाळभरात उचलावी अशी. न्यूयॉर्कमध्ये शेजारून ट्रक धडधडत जातो, त्यामुळे गाडीचा धक्का सोसेल असा कठडा लागतो. 2020 मध्ये तो वाळू किंवा मातीने भरलेला, दीड फूट जाडीचा असे. आता पाण्याने भरायचे कठडे चालतात, ते रिकामे करून हलवता येतात. ही सुधारणा चांगली आहे. तरीही जड वस्तूला हलक्या वस्तूचा नियम लावला की भार छोट्याच्या पाठीवर पडतो.

शुल्काचं गणित मांडून दाखवते, म्हणजे अंदाज येईल. परवान्याचे चार वर्षांसाठी 1,050 डॉलर, फूटपाथ आणि रस्ता दोन्ही हवं असेल तर 2,100. त्याखेरीज शहराच्या जागेचं वार्षिक भाडं चौरस फुटाप्रमाणे. भागानुसार रस्त्यासाठी 5 ते 25 डॉलर आणि फूटपाथसाठी 6 ते 31 डॉलर. तुमच्या दुकानाची दर्शनी रुंदी वीस फूट धरू. रस्त्यावर आठ फूट रुंदीने 160 चौरस फूट होतात, म्हणजे सगळ्यात स्वस्त भागात वर्षाला 800 डॉलर आणि सगळ्यात महाग भागात 4,000. फूटपाथवर चार फूट खोलीने 80 चौरस फूट, म्हणजे 480 ते 2,480. वर अनामत, रस्त्यासाठी 2,500 डॉलर आणि फूटपाथसाठी 1,500. क्वीन्सच्या बहुतेक भागाचा दर मॅनहॅटनच्या मध्यभागाइतका नसतो, पण तुमच्या पत्त्याचा दर शहराच्या नकाशावर बघूनच ठरवा, शेजाऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका.

भाडं घ्यावं यात मला काही गैर वाटत नाही. जागा सगळ्यांची आहे. पण याच शहरात रस्त्याच्या कडेला सुमारे 30 लाख पार्किंगच्या जागा आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना मीटरसुद्धा नाही. गाडी आठवडाभर फुकट उभी राहते आणि त्याच जागेत चार माणसं जेवायला बसली तर प्रत्येक फुटाचे पैसे. रस्त्याचं मोल ठरवायचंच असेल तर दोघांचंही ठरवा, असं मी कम्युनिटी बोर्डाच्या (वस्तीच्या सल्लागार मंडळाच्या) सभेत उभी राहून म्हटलं आहे आणि पुन्हा म्हणेन.

आता प्रक्रिया. सध्याच्या परवान्याचा गाभा आहे ‘रिव्होकेबल कन्सेंट’, म्हणजे शहर आपली जागा वापरायला देतं आणि हवं तेव्हा परत घेऊ शकतं. ऐकायला हे मला हवं होतं तेच वाटतं ना? पण ही जुनी यंत्रणा मोठमोठ्या इमारतींच्या पायऱ्या, भुयारं, पूल यांच्यासाठी बेतलेली आहे. अर्ज वाहतूक खात्याकडे जातो, कम्युनिटी बोर्डाला मत द्यायला मुदत मिळते, सुनावणी होते, मग शहराच्या कंट्रोलरकडे, म्हणजे हिशेब सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंदणी. दोन खुर्च्यांच्या टेबलासाठी हा प्रवास. मार्च 2024 मध्ये अर्ज घ्यायला सुरुवात झाली, 3 ऑगस्ट 2024 ही जुन्या शेडवाल्यांसाठी अंतिम तारीख होती, आणि तोपर्यंत आले ते सुमारे 3,000 अर्ज. बारा हजारांवरून तीन हजार. 2025 चा हंगाम उजाडला तेव्हाही पूर्ण मंजुरी हातात असलेले मोजकेच होते. वाहतूक खात्याने सशर्त मंजुऱ्या देऊन 1 एप्रिल निभावून नेला.

या सगळ्यात मद्याची परवानगी वेगळी, ती राज्याच्या मद्य प्राधिकरणाकडून. तुम्ही सोलकढी आणि पन्हं देता, तुमची ही डोकेदुखी नाही. बियर ठेवायचा विचार असेल तर मात्र आधी सांगा, कारण बाहेरच्या टेबलावर बियर देण्यासाठी वेगळी नोंद लागते आणि त्याचे दंड जड असतात.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते.

माझा सल्ला: फूटपाथसाठी अर्ज करा, रस्त्याचा विचार या वर्षी बाजूला ठेवा.

कारण फूटपाथची बैठक वर्षभर चालते. जड कठडा नाही, तळफळी नाही, उंदरांना घर नाही. रात्री टेबलं एकावर एक रचून आत घ्यायची. ऑक्टोबरातला उबदार रविवार किंवा मार्चमधली अचानक उघडलेली दुपार यांचा फायदा तुम्हाला मिळेल, रस्त्यावाल्यांना मार्चची ती दुपार मिळणार नाही. आणि खर्च कमी असल्यामुळे एखादा पावसाळी हंगाम वाया गेला तरी कंबरडं मोडणार नाही.

पण फूटपाथ तुमच्या हातात आहे का, ते मोजल्याशिवाय कळणार नाही. चालणाऱ्यांसाठी किमान 8 फूट सलग मोकळी वाट सोडावी लागते, गजबजलेल्या रस्त्यांवर याहून जास्त. लोक इथेच चुकतात. ते भिंतीपासून फूटपाथच्या कडेपर्यंत मोजतात. मोजायचं ते अडथळ्यापर्यंत. झाडाचं आळं, पार्किंग मीटर, बसथांब्याचा खांब, पत्रपेटी, जे भिंतीच्या सगळ्यात जवळ असेल तिथून. चौदा फुटांच्या फूटपाथवर कडेपासून चार फूट आत झाडाचं आळं येत असेल तर तुमच्याकडे उरले दहा, त्यातले आठ चालणाऱ्यांचे, आणि दोन फुटांत भिंतीला टेकलेली खुर्चीच मावेल, टेबल नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण या एका मोजमापावर गळतात, म्हणून मी ते पैसे घेण्याआधी करते.

ही आठ फुटांची अट मला प्रिय आहे, हेही सांगून ठेवते. माझी आई इथे येते तेव्हा वॉकर घेऊन चालते. जॅक्सन हाइट्समध्ये 1970-80 च्या सुमारास आलेली आपल्या देशातली पिढी आता म्हातारी झाली आहे, शेजारी बांगलादेशी आहेत, तिबेटी आहेत, दक्षिण अमेरिकन आया ढकलगाड्या घेऊन निघतात. जेवणाऱ्याच्या खुर्चीमुळे यांपैकी एकालाही रस्त्यावर उतरावं लागलं तर ती बैठक चुकीची आहे, मग परवाना काहीही म्हणो. व्हीलचेअरवरच्या गिऱ्हाइकासाठीही एक टेबल नियमाने ठेवावं लागतं. ते कोपऱ्यात ढकलू नका, दारालगत ठेवा.

रस्त्याचा विचार केव्हा करावा? तुमच्यासमोर दिवसभर पार्किंगला मुभा असलेली जागा असेल, हायड्रंट 15 फुटांच्या आत नसेल, बसथांबा किंवा ‘नो स्टँडिंग’चा फलक नसेल, आणि चौकटीचे तुकडे ठेवायला एखाद्या गिऱ्हाइकाचं गॅरेज हक्काने मिळणार असेल, तर. शेजारच्या दोन दुकानदारांशी बोलून एकाच गोदामात तिघांचं सामान ठेवलं तर गणित बदलतं. माझ्या तीन अशिलांनी असं केलं आहे, एकच ट्रक, एकच सुतार, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिघांची उभारणी. तळफळी सुट्या पाटांची घ्या, प्रत्येक पाट एका माणसाला उचलता येईल एवढा. कडेने पाणी वाहायला वाट सोडा. आठवड्यातून एकदा पाट उचलून खालून झाडा, मी तुम्हाला हे अनुभवाने सांगते आहे.

हंगामाची अट काढून रस्त्याची बैठक पुन्हा बारमाही करावी, ही मागणी नगर परिषदेपर्यंत पोचली आहे. तुमच्या नगरसेवकाच्या कार्यालयाला पत्र लिहा. मी लिहिते तेव्हा फक्त ‘बारमाही करा’ एवढं मागत नाही. परवाना 2020 सारखा स्वतःच्या जबाबदारीवर द्या, पण दर हंगामात न सांगता तपासणी करा, तीन चुका झाल्या की जागा काढून घ्या आणि बेवारस शेड अनामतीच्या पैशांतून उचला, असं सगळं मागते. नुसतं अर्धं मागितलं की व्हिलेजमधले रहिवासी पुन्हा कोर्टात जातील आणि त्यांचं काही चुकणार नाही. बॉस्टनच्या नॉर्थ एंडमध्ये काय झालं ते पाहा. 2022 मध्ये महापौर मिशेल वू यांच्या कारभारात एकट्या त्या इटालियन वस्तीतल्या उपाहारगृहांना 7,500 डॉलरचं शुल्क लावलं, मालक चिडले, आणि पुढच्या वर्षी तिथे रस्त्यावरचं जेवणच बंद झालं. शेजारी आणि मालक यांच्यातला विश्वास एकदा गेला की चर्चेत उरतो तो फक्त दंड.

पुण्यातले मित्र मला विचारतात की जंगली महाराज रस्त्यावर असं का होऊ नये. तिथला प्रश्न वेगळा आहे. तिथे फूटपाथवर बसून खाणं नवीन नाही, नवीन असेल ते फूटपाथवर दुचाकी नसणं. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने हातगाडीवाल्याला जो हक्क दिला, तो आधी नीट अमलात यायला हवा. वडापावच्या गाडीला हटवून तिथे कॅफेची छत्री लावली तर ती रस्त्याची चोरीच ठरेल. पण 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्ता पादचाऱ्यांसाठी मोकळा करण्याची जी प्रथा सुरू झाली, ती मला आशेची वाटते. तो मोकळा रस्ता मोजून बघा, एवढंच मी त्या मित्रांना सांगते.

तुमच्याकडे परत. या रविवारी दुकान उघडायच्या आधी, सकाळी आठच्या सुमारास, पंचवीस फुटी टेप घेऊन बाहेर या. भिंतीपासून झाडाच्या आळ्यापर्यंत, मीटरपर्यंत आणि हायड्रंटपर्यंत, अशी तीन मापं घ्या. दर्शनी बाजूची रुंदी दारासकट लिहा. समोरच्या पार्किंगच्या फलकाचा फोटो काढा, त्यावरचे दिवस आणि वेळा वाचता येतील असा. तळमजल्यावरचं तळघराचं लोखंडी दार फूटपाथवर उघडत असेल तर तेही मोजा, त्यावर टेबल ठेवता येत नाही. ही चार मापं आणि तो फोटो हाती आला की किती टेबलं बसतील ते मी तुम्हाला त्याच संध्याकाळी सांगू शकेन.